‘गाडी कोण चालवणार?’ – दूरचा प्रवास आणि वैद्याचे कर्तव्य

गणेशोत्सव, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्यातील लग्नसराई असे दिवस जवळ आले की आपल्या सर्वांच्याच चिकित्सालयांत एक ठरावीक मागणी सुरू होते. “गावाला निघालोय, प्रवासाची औषधे द्या.” आपण उलटीसाठी एक, जुलाबासाठी एक, कंबरेसाठी तेल आणि सर्दीसाठी पुड्या देतो. रुग्ण समाधानाने जातो. या व्यवहारात बहुधा एक प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि प्रस्तुत लेखाचा सारा खटाटोप त्या एका प्रश्नासाठी आहे. तो प्रश्न असा : गाडी कोण चालवणार?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू एकट्या महाराष्ट्रातील होते. कोणत्याही साथीच्या रोगाने एवढे बळी घेतले असते तर आपण वैद्य मंडळींनी परिसंवाद भरवले असते. अपघात हा मात्र पोलिसांचा आणि रस्तेबांधणी खात्याचा विषय, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. वास्तविक चालकाची झोप, त्याचा आहार, त्याने घेतलेले औषध आणि त्याने अडवून धरलेले वेग या चारही गोष्टी आपल्या शास्त्राच्या कक्षेत येतात.

निद्रा हा अधारणीय वेग आहे

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकत आलो. परंतु चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे तेरा अधारणीय वेग सांगितले, त्यांत निद्रेचाही समावेश आहे, याकडे व्यवहारात आपले लक्ष कमी जाते. मल, मूत्र, अपानवायू यांचा वेग अडवू नये, हे आपण रुग्णाला बजावून सांगतो. झोपेचा वेग अडवू नका, असे मात्र क्वचितच सांगतो.

निद्रावेगधारणाची लक्षणे आठवून पाहावीत. जांभया येणे, अंग मोडून येणे, तंद्रा, शिरोव्यथा आणि डोळे जड होणे. आज वाहतूक सुरक्षेचे तज्ज्ञ चालकांना धोक्याच्या ज्या खुणा शिकवतात, त्या जवळजवळ याच आहेत. वारंवार जांभया, पापण्यांना जडपणा, आसनावर सतत चुळबुळ, मागच्या दोन-चार किलोमीटरमध्ये काय पाहिले ते न आठवणे, आणि गाडी नकळत शेजारच्या मार्गिकेत सरकणे. यांतील शेवटच्या दोन खुणा दिसू लागल्या म्हणजे चालक क्षणभर झोपूनही गेलेला असतो. त्याला त्याची जाणीव नसते, एवढेच.

ही क्षणिक झोप तीन-चार सेकंदांची असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर तोडते. म्हणजे चार सेकंदांत ती ११० मीटरहून अधिक अंतर चालकाविना धावते. जागा चालक निदान ब्रेक तरी दाबतो. झोपलेला चालक तोही दाबत नाही, म्हणूनच असे अपघात विशेष घातक ठरतात.

जागरण आणि मद्य यांचे साम्य

ऑस्ट्रेलियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात १०० मि.लि.मागे ५० मि.ग्रॅ. मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. २४ तास जागल्यास ती जवळजवळ १०० मि.ग्रॅ. पातळीइतकी घसरते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा ३० मि.ग्रॅ. आहे. आता मुंबईतील नोकरदाराचा गणपतीचा प्रवास पाहा. तो सकाळी सहाला उठतो, दिवसभर कचेरीत काम करतो, संध्याकाळी सामान बांधतो आणि ‘रात्री रस्ता मोकळा मिळतो’ म्हणून अकरा वाजता सिंधुदुर्गाच्या वाटेला लागतो. म्हणजे गाडीची किल्ली फिरवण्यापूर्वीच त्याचे १७ तास भरलेले असतात. ज्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नाही, असा हा सज्जन गृहस्थ कायद्याच्या मर्यादेपलीकडील मद्यप्यासारख्या अवस्थेत पत्नी व मुलांना घेऊन घाटात शिरतो.

यात काळाचाही वाटा आहे. शरीराच्या स्वाभाविक लयीप्रमाणे झोपेचा जोर मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत अधिक असतो. त्यात रस्ता सरळ, एकसुरी असेल तर मन लवकर मंदावते. ५ जून २०२५ रोजी पूर्णत्वाने खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग किंवा त्याआधीचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग यांवर खड्डे, चौक, गुरेढोरे यांचा अडथळा कमी. परंतु जुन्या रस्त्यावर हेच अडथळे चालकाला जागे ठेवीत असत, हेही ध्यानात घ्यावे. रस्ता जितका सुखाचा, तितकी चालकाची झोप अधिक पुरी झालेली हवी.

झोपेवर उपाय झोपच

काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखूची चिमूट धरणे हे लोकांचे नेहमीचे उपाय. यांनी काही मिनिटे बरे वाटते, पुढे झोप दुप्पट जोराने येते. निद्रावेगधारणाची चिकित्सा म्हणून शास्त्राने स्वप्न आणि संवाहन सांगितले आहे, म्हणजे झोपणे व अंग चेपणे. त्याला पर्याय नाही.

येथे काही बंधूंना दिवास्वप्नाच्या निषेधाची आठवण होईल. परंतु ग्रीष्माखेरीज दिवसा झोपू नये असे सांगणाऱ्या चरकाचार्यांनीच अपवादांची जी यादी दिली आहे, तीत वाहनाने व जागरणाने थकलेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा प्रवासातील चालकाने दिवसा वीस मिनिटे झोपणे शास्त्रसंमत आहे, हे आपण रुग्णाला ठामपणे सांगावे. रात्री जागरण झालेच तर दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणापूर्वी, जागरणाच्या निम्म्या वेळेपुरते झोपावे, हे वाग्भटाचार्यांचे मार्गदर्शनही परतीच्या प्रवासाची आखणी करताना उपयोगी पडते.

व्यवहारात सांगायचे ते असे. निघण्याच्या आदल्या रात्री सात-आठ तास झोप घ्यावी. शक्यतो पहाटे पाचनंतर निघावे. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे. डोळे जड झाल्यास पेट्रोल पंपावर किंवा उपाहारगृहाच्या आवारात गाडी लावून पंधरा ते वीस मिनिटे झोपावे. चहा किंवा कॉफी घ्यायचीच असेल तर झोपण्यापूर्वी लगेच घ्यावी, कारण तिचा परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागतो. उठेपर्यंत दोन्हींचा लाभ मिळतो. उठल्यावर लगेच गाडी न हाकता पाच-दहा मिनिटे चालावे, म्हणजे झोपेची गुंगी उतरते. मार्गिकेच्या कडेला मात्र झोपण्यासाठी थांबू नये. उभ्या गाडीवर मागून आदळणारी वाहने हे द्रुतगती मार्गावरील मोठे संकट आहे.

औषध देताना

आमच्या चिकित्सालयात मानेच्या स्तंभासाठी आलेल्या एका कापड व्यापाऱ्याचा वृत्तांत येथे देणे उचित वाटते. वय बावन्न, व्यसन नाही. नात्यातील लग्न आटोपून रात्री परत येताना त्यांची गाडी दुभाजकावर चढली. पत्नीच्या खांद्याजवळचे हाड मोडले, स्वतःच्या मानेला हिसका बसला. “डॉक्टरसाहेब, मला झोप आल्यासारखे वाटलेच नाही हो,” असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. इतिवृत्त खोदून विचारले तेव्हा कळले की लग्नाच्या मांडवात शिंका सुरू झाल्या म्हणून त्यांनी गावातील एका दुकानातून सर्दीची गोळी आणवून घेतली होती. त्यावर पक्वान्नाचे जेवण झाले आणि साडेअकराला ते गाडीत बसले. गोळी देणाऱ्याने त्यांना काहीही विचारले नव्हते. एका वाक्याने ती रात्र वेगळी झाली असती.

सर्दीच्या गोळ्यांत व खोकल्याच्या औषधांत सर्रास असणारे क्लोरफेनिरामिन, प्रवासातील उलटीसाठी दिले जाणारे प्रोमेथाझिन, तसेच सेटिरिझिन ही सारी गुंगी आणणारी आहेत. कोडीन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ॲमिट्रिप्टिलिन, प्रेगाबालिन यांचेही तसेच. यांपैकी काही औषधांचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उरतो. रुग्ण आपल्याकडे येताना ही औषधे घेत असतो आणि आपण न विचारल्यास तो सांगत नाही. ती अचानक बंद करण्याचा सल्ला देऊ नये. ज्याने ती दिली त्या चिकित्सकाशी बोलावे, आणि तोवर चालकाची जागा दुसऱ्याने घ्यावी, असे सुचवावे. उलटीचे औषध चालकाला कधीच देऊ नये. प्रवाशाला ते द्यावे. चालकाला मळमळ होत असल्यास सुंठ, आवळा, लिंबू पुरेसे आहे.

आता आपल्या घरात पाहू. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही,’ हे वाक्य आपल्यापैकी कोणी उच्चारू नये. सर्पगंधा रक्तदाब उतरवते व तंद्रा आणते. जटामांसी, तगर, जायफळ, खुरासानी ओवा यांचे योग निद्रेसाठीच योजले जातात. विजयायुक्त कल्पांबद्दल वेगळे सांगायला नको. धत्तूरयुक्त कनकासवाने दृष्टी अंधुक होऊ शकते. अशी औषधे चालू असलेल्या रुग्णाने दूरच्या प्रवासात गाडी चालवू नये. नवीन औषध असेल तर त्याचा परिणाम घरी राहून दोन-चार दिवस पाहावा, प्रवासाच्या दिवशी प्रथमच सुरू करू नये.

आसवारिष्टांविषयी औषधालयचालकांना ग्राहक हमखास विचारतात की अरिष्ट घेतल्यावर पोलिसांच्या तपासणीत मद्य दिसेल काय? हिशेब करून पाहावा. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. ३० मि.लि.च्या मात्रेत १० टक्के धरला तरी तो ३ मि.लि., म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम होतो. साठ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या रक्तात त्यामुळे १०० मि.लि.मागे जेमतेम ६ मि.ग्रॅ. पातळी येईल, म्हणजे कायदेशीर मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याइतकी. तेव्हा शास्त्रोक्त मात्रेने घाबरण्याचे कारण नाही. परंतु औषध घेतल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे तोंडातच मद्यार्काचा अंश राहतो आणि श्वासतपासणी यंत्र चुकीने जास्त आकडा दाखवू शकते. शिवाय ‘थकवा जातो’ म्हणून बाटलीच तोंडाला लावणारे लोक आहेत, त्यांना हा हिशेब लागू नाही. म्हणून चालकाने अरिष्टाची मात्रा समभाग पाण्यासह, जेवणानंतर, चूळ भरून घ्यावी व गाडी चालवण्याच्या बराच आधी घ्यावी. त्याहून उत्तम म्हणजे प्रवासाच्या दिवशी त्याच द्रव्यांचा काढा किंवा वटी योजावी.

पंचकर्म आणि रथक्षोभ

शोधनानंतर वर्ज्य सांगितलेल्या आठ गोष्टींत रथक्षोभ, म्हणजे वाहनाचे हिसके, ही एक आहे. आज पुण्या-मुंबईहून रुग्ण स्वतः गाडी चालवत शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या पंचकर्म केंद्रात येतात आणि सायंकाळी परततात. विरेचनाच्या दिवशी बलक्षय व द्रवक्षय झालेला असतो. शिरोधारेनंतर मन शिथिल असते. नेत्रतर्पणानंतर दृष्टी काही काळ धूसर राहते व प्रकाश सहन होत नाही. अशा रुग्णाला समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात गाडी चालवू देणे योग्य नव्हे. केंद्रचालकांनी नोंदणीच्या वेळीच सोबत चालक आणण्याची अट घालावी, अन्यथा मुक्कामाची सोय करावी.

काही विशेष रुग्ण

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेही चालकाची साखर प्रवासात उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड आणि गोंधळ ही लक्षणे इतरांना थकव्याचीच वाटतात. निघण्यापूर्वी व दर दोन तासांनी साखर तपासावी, ९० मि.ग्रॅ.हून कमी असल्यास आधी खावे. खिशात साखर वा ग्लुकोज ठेवावे, डिकीतल्या पिशवीत नव्हे. लक्षणे जाणवताच गाडी सुरक्षित जागी थांबवून साखर घ्यावी आणि ती पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडी हाती घेऊ नये.

स्थौल्याच्या वर्णनात आपल्या संहितांनी अतिनिद्रा व क्रथन सांगितले आहे. जोराने घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या घेणारा स्थूल रुग्ण चालकाचा व्यवसाय करीत असेल, तर केवळ मेदोहर औषधावर न थांबता त्याला झोपेच्या तपासणीसाठी पाठवावे. उपचाराने सुधारणा होईपर्यंत त्याने रात्रपाळी घेऊ नये.

गर्भिणीने पट्टा टाळू नये. खालचा पट्टा पोटाखाली मांड्यांच्या वरच्या भागावर आणि तिरका पट्टा दोन्ही स्तनांमधून पोटाच्या बाजूने जाईल असा लावावा.

आहार, वेग आणि गाडी

गुरु, स्निग्ध, मधुर आहाराने कफ वाढून तंद्रा येते. चालकाने श्रीखंड-पुरी वा भरगच्च थाळी मुक्कामी पोहोचल्यावर घ्यावी. वाटेत मुगाची खिचडी, भाकरी-भाजी, उपमा, फळे असा लघू आहार पोटाला जागा ठेवून घ्यावा. ‘वाटेत स्वच्छतागृह नाही’ म्हणून स्त्रिया पाणीच पीत नाहीत आणि मूत्रवेग अडवतात. थांबण्याची ठिकाणे आधीच ठरवली तर हे टळते. थांबल्यावर चालावे, पोटऱ्यांची हालचाल करावी. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवल्याने शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

२०२२ मध्ये सीटबेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यांपैकी जवळजवळ निम्मे प्रवासी होते, चालक नव्हे. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. मागच्या आसनावरही पट्टा बंधनकारक आहे. मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नये. टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी, स्टेपनीचीही तपासावी. गाडी बंद पडल्यास धोक्याचे दिवे लावून, त्रिकोणी फलक मागे अंतरावर ठेवून सर्वांनी गाडीत न बसता कठड्यापलीकडे उभे राहावे.

अपघातस्थळी वैद्य

महामार्गालगतच्या गावांत अपघातग्रस्त प्रथम पोहोचतो तो बहुधा आपल्यापैकी कोणाच्या तरी दारात. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेतही अनेक आयुर्वेद पदवीधर काम करीत आले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार कोणत्याही औपचारिकतेची वाट न पाहता जखमीवर तत्काळ उपचार करणे हे नोंदणीकृत चिकित्सकाचे कर्तव्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ अ मुळे सद्भावनेने मदत करणाऱ्या नागरिकाला कायद्याचे संरक्षण आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात. ही माहिती आपण जाणून असावी, कारण पैशाच्या चिंतेने नातेवाईक मोठ्या रुग्णालयात जायला कचरतात.

अशा वेळी मान न हलवता श्वासमार्ग मोकळा ठेवावा, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा, तोंडाने पाणी वा औषध देऊ नये, जखमेत हळद वा चूर्ण भरू नये. १०८ किंवा ११२ ला, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला कळवावे. पहिला तास मोलाचा आहे, तो आपल्या दारात खर्च होऊ देऊ नये.

काउंटरवरची चिठ्ठी

औषधालयचालकांना आमची एक सूचना आहे. पुढील पाच ओळी मोठ्या अक्षरांत छापून काउंटरवर लावाव्यात आणि प्रवासाचे औषध देताना पिशवीतही घालाव्यात.

१. गाडी चालवणाऱ्याचे नाव व चालू औषधे आम्हांला सांगा.
२. आदल्या रात्री पुरी झोप, आणि रात्री निघणे टाळा.
३. दर दोन तासांनी थांबा. डोळे जड झाले तर वीस मिनिटे झोपा.
४. गुंगीचे औषध घेतले असेल तर किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या.
५. पुढे-मागे सर्वांनी पट्टा लावा.

वैद्यबंधूंनो व भगिनींनो, रुग्णाची प्रकृती, अग्नी, कोष्ठ, निद्रा यांची विचारपूस आपण करतोच. त्या प्रश्नावलीत ‘गाडी कोण चालवणार?’ हा एक प्रश्न जोडायला अर्धे मिनिट लागते, खर्च शून्य येतो आणि कोणत्याही ग्रंथाची परवानगी लागत नाही. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. प्रवासाला निघालेला स्वस्थ माणूस स्वस्थच घरी परतावा, हे त्या प्रयोजनातच येते. येत्या सुट्टीच्या हंगामापूर्वी ही चिठ्ठी आपल्या गावातील प्रत्येक औषधालयात लागावी, एवढीच विनंती.